बंद ट्रेलरमध्ये प्रोपेनचा हीटर लावून लेकरांना झोपवू नका

परवा रात्री सांगलीहून मावशीचा फोन आला. ‘‘अगं, पोरांना त्या डब्यात थंडी नाही ना वाजणार?’’ कसला डबा, हे मला मावसभावाला फोन लावल्यावर कळलं. अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर ‘५,००० डॉलरमध्ये स्वतःचं फिरतं घर’ नावाची एक लांबलचक पोस्ट फिरते आहे. सामान वाहायचा ६ बाय १२ फुटांचा बंद कार्गो ट्रेलर घ्या, आतून फोम मारा, पलंग ठोका, प्रोपेन गॅसवर चालणारा छोटा हीटर लावा आणि हिवाळाभर सहकुटुंब कॅम्पिंग करा, असा तिचा सूर. भाऊ ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहतो. त्याने ट्रेलर घेतला, पोस्टबरहुकूम सगळं केलं, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन तिथल्याच हॉकिंग हिल्स या डोंगराळ उद्यानात निघणार आहे. ‘‘ताई, हे बघ’’ म्हणून त्याने पाठवलेल्या फोटोत हीटर मुलांच्या उशापासून दोन फुटांवर होता.

मी स्वतः असा ट्रेलर बांधला आहे आणि रसायन अभियांत्रिकी शिकले आहे. त्यामुळे ही पोस्ट वाचून गप्प बसणं मला शक्य नाही.

सगळ्यात आधी हीटर, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणसं जातील. पोस्ट म्हणते, ‘ट्रेलरला इतक्या फटी असतात की हवा आपोआप खेळती राहते. रात्रभर हीटर चालू ठेवायला हरकत नाही.’ त्याच पोस्टमध्ये चार ओळी वर लिहिलंय की स्प्रे फोम मारून सगळ्या फटी बुजवा. मग हवा येणार कुठून? लिहिणाऱ्याने स्वतःचंच लिखाण पुन्हा वाचलेलं नाही.

आता हिशेब करू. सहा फूट उंची धरली तर ६ बाय १२ च्या ट्रेलरमध्ये साधारण १२ घनमीटर हवा मावते. त्यात ऑक्सिजन अडीच घनमीटर. प्रोपेनचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे तीन आणि पाण्याचे चार रेणू तयार होतात. कॅम्पिंगच्या दुकानात मिळणारी १ पौंडाची हिरवी टाकी पूर्ण जाळायला सव्वा घनमीटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे ट्रेलर खरोखरच हवाबंद असेल, तर आतल्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा एक टाकीच मागणार. कार्बन डायऑक्साइड चढत जाईल सहा टक्क्यांकडे. अर्थात ट्रेलर शंभर टक्के हवाबंद नसतो, आणि तिथवर पोचण्याआधी ज्योत विझू लागेल. पण ऑक्सिजन कमी पडत असताना जी अर्धवट जळणारी ज्योत असते, तीच कार्बन मोनॉक्साइड ओकते. तासाला ४,००० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) बारीक आचेवर ही टाकी साडेपाच तास पुरते. रात्री अकराला हीटर लावला, तर पहाटे साडेचारपर्यंत हे सगळं चारही जण गाढ झोपेत असताना चालणार.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी सांगते की आगीशी संबंध नसलेल्या, अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने या देशात दरवर्षी ४०० हून अधिक माणसं मरतात आणि एक लाखाहून अधिक लोकांना इमर्जन्सी रूम गाठावी लागते. तीच संस्था पुढे सांगते की झोपलेला माणूस एकही लक्षण न जाणवता मरू शकतो. डोकं दुखेल, मळमळेल, मग उठून दार उघडू, या भरवशावर राहता येत नाही. ज्यांना पोस्ट पुढे पाठवायची घाई आहे, त्यांनी सीडीसीचं हे एक पान आधी वाचावं.

पोस्ट पुढे म्हणते, ‘हीटरला ऑक्सिजन सेन्सर असतो, तो आपोआप बंद होतो.’ असतो, हे मान्य. पण तो ऑक्सिजन घटला तर गॅस तोडतो, कार्बन मोनॉक्साइड किती झाला ते त्याला कळत नाही. ‘खिडकी इंचभर उघडी ठेवा.’ हाही अर्धा खरा सल्ला. जागे असताना अर्धा तास हीटर लावायचा असेल तर हवेची वाट उघडी हवीच. पण शून्य अंशाच्या रात्री दोन वाजता पोराचे पाय गार लागले की आई पहिलं काय करते? खिडकी बंद करते. मीही केली असती.

आणि अलार्मबद्दल पोस्टने जे लिहिलं आहे ते तर सरळ उलटं आहे. ‘कार्बन मोनॉक्साइड जड असतो, म्हणून अलार्म जमिनीलगत लावा.’ जड असतो तो प्रोपेन. हवेच्या दीडपट जड. तो गळला तर खाली साचतो, म्हणून प्रोपेनचा अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि हवेत सगळीकडे मिसळतो. त्याचा अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर, हादरे आणि थंडी सोसणारा, कॅम्परसाठी बनवलेला घ्यावा. आणि अलार्म लावला म्हणजे उघड्या ज्योतीशेजारी झोपायची परवानगी मिळाली, असा त्याचा अर्थ नाही.

जाता जाता पाण्याचंही सांगते. त्या एका टाकीतून पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. त्यात चार जणांचे श्वास. ही वाफ भिंतीतल्या गार लोखंडी पट्ट्यांवर पाणी होऊन जमते आणि प्लायवूडमागे उतरते. माझ्या पहिल्या ट्रेलरची मागची भिंत दोन हिवाळ्यांत काळी पडली. फळी काढली तर हाताला ओला भुगा लागला.

वजनाचा मुद्दा पोस्टने एका वाक्यात उडवलाय: ‘सामानाचा ट्रेलर आहे, काहीही भरा.’ एका ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचे, असे पुष्कळ ट्रेलर भरलेल्या अवस्थेत २,९९० पौंडांपर्यंतच मंजूर असतात. हा आकडा ३,००० च्या आत असण्याचं कारण म्हणजे अनेक राज्यांत त्यापुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा. मग पाऊण इंची प्लायवूडच्या एकेका फळीचे साठेक पौंड, ३० गॅलन पाण्याचे अडीचशे, बॅटरी, गाद्या, किराणा असं एकेक धरत जा. भावाने पाण्याची टाकी थेट मागच्या दाराशी बसवली आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या आकड्यावर, यायला हवा. मागे जड झालं की ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डुलू लागतो आणि गाडीला ओढून नेतो. टाकी ॲक्सलच्या जरा पुढे घे आणि ट्रकच्या काट्यावर एकदा वजन करून ये, एवढंच त्याला सांगितलं.

बॅटरीच्या वायरिंगबद्दल पोस्ट म्हणते, ‘१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, फ्यूज नसला तरी चालेल.’ शॉक लागत नाही, पण आग लागते. १,२०० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १०० अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल तर ती भिंतीच्या आतच तापते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

‘पलंग आहे तर प्रवासात मुलं मागे झोपू देत.’ नाही. तिथे पट्टा नाही, सीट नाही, तुमचा आवाज पोचत नाही. या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही.

एक गोष्ट पोस्टने खरी लिहिली आहे, आणि मनात नसलं तरी कबूल करते. कार्गो ट्रेलरचा वेल्ड केलेला सांगाडा कारखान्यात बनलेल्या अनेक स्वस्त कॅम्परच्या स्टेपल मारलेल्या लाकडी चौकटीपेक्षा दणकट असतो, आणि छत गळायच्या जागाही कमी असतात. म्हणून तर मीही तोच घेतला. पण ५,००० डॉलरच्या हिशेबात विम्याचा एक पैसाही धरलेला नाही. आतलं बांधकाम कंपनीला आधी कळवलं नाही, तर अपघातानंतर ते भरून मिळेल असं धरून चालू नका.

मग थंडीचं काय? हॉकिंग हिल्सच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असलेल्या जागा आहेत. १,५०० वॉटचा साधा विजेचा हीटर तासाला ५,१०० बीटीयू देतो, म्हणजे त्या प्रोपेनच्या बारीक आचेपेक्षा जास्तच, आणि हवेतला ऑक्सिजन जराही खात नाही. त्याला बाहेर वापरायची जाड, १२ गेजची एक्स्टेंशन वायर हवी, आणि समोर तीन फूट मोकळी जागा. वीज नसेल तिथे ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा हीटर पक्का बसवून घ्यावा, त्यालाही अलार्म हवाच.

भावाने काल रात्री विजेची जागा आरक्षित केली. प्रोपेनचा हीटर त्याने अजून काढलेला नाही, म्हणून शनिवारी मी स्वतः कोलंबसला जाते आहे. मावशीला कळवलंय, पोरांना थंडी वाजणार नाही.