मॉडेल ज्याचं ऐकतं, तो खरं सांगतोच असं नाही

कर्जाच्या ॲपांत आणि पतसंस्थांत काम करणाऱ्या आमच्या लोकांत सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: फसवणूक पकडणाऱ्या संगणकी मॉडेलला शॅप लावा (शॅप म्हणजे मॉडेलच्या निर्णयात कुठल्या माहितीचा किती वाटा, ते काढणारी पद्धत), म्हणजे क्रेडिट ब्युरो (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था), मोबाइल नंबरची माहिती विकणारे, पत्ता पडताळणारे, या पुरवठादारांतल्या कुणाची माहिती किती मोलाची ते बिनचूक कळतं. मोठा वाटा त्याला पैसे, लहान वाटा त्याला नारळ. आणि हे गणित असल्यामुळे यात पक्षपात नाही.

मी निपाणीची, आणि याच कामात आहे. हा मेसेज वाचून कुणी खरंच करार मोडायला लागलं तर भोगावं लागेल ते सीमाभागातल्या माणसांना, म्हणून लिहिते.

आधी 'बिनचूक' घेऊ. मुळातलं गणित पक्कं आहे. अनेकांनी मिळून कमावलेलं न्याय्य कसं वाटावं हे लॉइड शॅप्ली यांनी 1953 साली मांडलं. 2017 साली लुंडबर्ग आणि ली यांनी त्यावरूनच मॉडेलचे निर्णय उलगडणारं शॅप आणलं. पण शॅप वाटतं काय? मॉडेलने दिलेला स्कोअर. वाचलेले रुपये नव्हे. मॉडेल चुकलं तर त्या चुकीचेही वाटे पडतात, आणि चूक घडवणाऱ्या माहितीला त्यात मोठा वाटा मिळतो.

आमच्या मामांचं उदाहरण देते. आधार कन्नड आणि इंग्रजीत, त्यावर आडनाव 'चौगले'. पॅनवर 'चौगुले'. आधारवर जिल्हा 'बेळगावी', जुन्या कागदांवर 'बेलगाम', कारण सरकारी नाव 2014 साली बदललं. सिम पलीकडच्या कागलला घेतलेलं, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचं, आणि पत्ता कर्नाटकातला. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवलेल्या माणसाचा अर्ज एका ॲपने दोन मिनिटांत परत पाठवला. कारण दिलंच नाही.

असे अर्ज मी कामात उघडून पाहिलेत. पत्ता पडताळणाऱ्याला नाव जुळवता येत नाही, म्हणून तो रकाना रिकामा सोडतो. रिकामा रकाना म्हणजे संशय, हे मॉडेल शिकून बसलेलं असतं. शॅप त्या रिकाम्या रकान्यालाही वाटा देतं आणि तो वाटा पुरवठादाराच्या नावावर चढतो. त्याला आपल्या माणसाची ओळख पटवता आली नाही, आणि त्याचेच त्याला गुण!

आता 'लहान वाटा त्याला नारळ'. समजा, कंपनीच्या स्वतःच्या माहितीवर 100 पैकी 50 फसवणुका सापडतात. अ किंवा ब, कुणीही एक पुरवठादार आला की आणखी 30. दोघे आले तरी 30च, कारण दोघांकडे तीच माहिती. क आणखी 20 पकडून देतो. शॅप्लीच्या हिशेबाने क ला 20, अ आणि ब ला प्रत्येकी 15. एकट्या अ ला काढलं तर काहीच बिघडत नाही. लहान वाटे म्हणून दोघांनाही काढलं तर 100 वरून थेट 70 वर. वाट्यांची यादी तुम्हाला हे सांगत नाही.

शिवाय फसवणूक मुळात विरळा. हजारो अर्जांत मोजक्या वेळीच बोलणारा, पण तेव्हा नेमकं बोलणारा पुरवठादार सरासरीत शून्याजवळच दिसणार.

पक्षपाताबद्दल एवढंच, की परत पाठवलेला माणूस प्रामाणिक होता की नाही हे मॉडेलला कधीच कळत नाही. मामांनी हप्ते वेळेवर भरले असते, पण भरायची संधीच मिळाली नाही. म्हणून ती चूक कुठल्याच हिशेबात येत नाही.

शॅप्लीचं गणित वापरायचंच तर एकेका रकान्याला नको, अख्ख्या पुरवठादाराला एक खेळाडू धरा. पाच पुरवठादार असतील तर कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, असे 32 संच होतात. प्रत्येक संचावर मॉडेल नव्याने शिकवून तपासणं अवघड नाही. मोजमाप रुपयांत ठेवा: फसवणूक टळून वाचलेले पैसे, त्यातून पुरवठादाराची फी वजा, आणि परत पाठवलेल्या चांगल्या गिऱ्हाइकांचं नुकसानही वजा. ते कळण्यासाठी नाकारलेल्यांपैकी काही अर्ज दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून निवडा आणि माणूस पाठवून तपासा. 590 आणि 591 ने सुरू होणाऱ्या, म्हणजे आमच्या बेळगावकडच्या पिनकोडचा हिशेब वेगळा काढा, आणि पुरवठादाराशी फीचं बोलणं करताना तो कागद टेबलावर ठेवा.