वाईनची मैफल कशी जमवावी

आधी तारीख ठरवा. वाईनप्रेमींच्या ग्रुपवर सत्तेचाळीस जण आहेत, रोज संध्याकाळी कोणी ना कोणी ग्लासचा फोटो टाकतो, मग एक रविवार ठरवायला असा कितीसा वेळ लागणार? पोल टाका. तीस जण 'नक्की' म्हणतील, त्यातले चौदा येतील. उरलेल्यांपैकी दोघं 'निघालोच' असा निरोप पाठवतील आणि तो त्यांचा त्या महिन्यातला शेवटचा निरोप असेल. लग्नसराई, परीक्षा, श्रावण, गणपती, दिवाळी वगळत गेलात की हाती मे महिन्यातला एक रविवार उरतो. तोच घ्या.

जागा म्हणजे अर्थातच तुमचा फ्लॅट, कारण कल्पना तुमची होती. सोसायटीच्या सेक्रेटरींना 'द्राक्ष उत्पादनावर छोटंसं चर्चासत्र' असं सांगा. नाशिक, दिंडोरी, अकलूज अशी नावं पेरली की विषय शेतीचा वाटतो. घरात मात्र हे चालणार नाही. आई एकच प्रश्न विचारेल, "म्हणजे दारूच ना?" २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवू देण्याचा निर्णय झाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र याच प्रश्नावर भांडला होता, तो तुमच्या ओट्यापाशी सुटेल अशी आशा धरू नका. कायदा तर आईच्याच बाजूने आहे. आपण जे काही पितो ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, परवाना काढून पितो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. संपूर्ण कार्यक्रमातली तेवढी एकच गोष्ट अंदाजपत्रकात बसेल.

पाहुणे आले की पहिला अर्धा तास ओळख पटवण्यात जातो. ग्रुपवर 'टॅनिनराजे' (टॅनिन म्हणजे रेड वाईनला तुरटपणा देणारा घटक) नावाने फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर निकाल देणारे गृहस्थ प्रत्यक्षात सहकारनगरातून दुचाकीवर येतात आणि बाटली डब्याच्या पिशवीत, नॅपकिनमध्ये गुंडाळून आणतात. त्यांना 'अहो राजे' म्हणावं की 'काका', हे बायकोला ठरवू द्या.

आता तापमान. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी, हे सगळ्यांना पाठ असतं. ती रूम युरोपातली, जाड दगडी भिंतींची, सोळा-अठरा अंशांची होती, हे कोणाला आठवत नाही. तुमच्या हॉलमध्ये बत्तीस अंश आहेत. तरीही बाटली टीपॉयवरच ठेवा. ती हळूहळू काढ्यासारखी लागू लागली की कोणीतरी डोळे मिटून म्हणेल, "फुल बॉडी," म्हणजे तोंडात दाट, भरीव लागणारी. एखादा भाबडा जीव ती फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवू या का, असं विचारेल. तो बरोबर आहे. त्याला गप्प बसवा.

ओतताना हात आखडता हवा. बाटली ७५० मिलीची, माणसं चौदा. म्हणजे प्रत्येकाला साधारण पन्नास मिली, तीर्थापेक्षा थोडंसं जास्त. नवखा माणूस ते एका घोटात संपवून ग्लास पुढे करतो. जाणकार तो आधी उजेडात धरतो, मग गरगर फिरवतो, मग त्यात नाक घालतो आणि बराच वेळ बाहेर काढत नाही. फिरवण्याचा सराव घरी पाण्यावर करावा. आमच्याकडचा पांढरा सोफा आता तितकासा पांढरा नाही.

खरी परीक्षा शब्दांची. 'आवडली' हा शब्द इथे चालत नाही. त्याऐवजी ओला दगड, शिसपेन्सिल, जुनं खोगीर म्हणावं. रिस्लिंग या पांढऱ्या वाईनला पेट्रोलचा वास येतो, हे तर कौतुक असतं. ब्लॅककरंट आपल्यापैकी कोणी झाडावर पाहिलेलं नाही, म्हणूनच ते निर्धास्तपणे सांगता येतं. करवंद किंवा जांभूळ म्हणालात तर बाटलीची किंमत चारशेने उतरते. कोणी 'गूजबेरी' म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर आवळा येतो, अर्ध्यांच्या डोळ्यांसमोर रसभरी. फळ या दोन्हींहून वेगळं असतं, पण माना सगळ्यांच्याच डोलतात. आमच्याकडे एकांनी हुंगून जाहीर केलं, "ही कॉर्कने बिघडलीय, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." बाटलीला फिरकीचं झाकण होतं. पुठ्ठ्याचा खोका त्यांच्या पायाशी होता, कूलरच्या पाण्यात.

पट्टीचे लोक चव घेऊन थुंकतात, तेव्हा पिकदाणी ठेवा. आपल्याकडे ही कला जन्मजात असली, तरी स्वतःच्या पैशांची वाईन कोणी थुंकत नाही. पिकदाणीत शेवटी सापडतात त्या शेंगदाण्यांच्या साली आणि एक टूथपिक.

खाण्याला चीज आणा, आणि ते कोणी खाणार नाही हे गृहीत धरून भाकरवडीही आणा. तिखटावर टॅनिनची रेड वाईन प्यायली की जीभ दुप्पट भाजते; तिखटाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन बरी. पण गोडसर वाईन आवडते हे या कंपनीत कबूल करणं म्हणजे नापास होणं, म्हणून सगळे शिराझ ही रेड वाईन घेतात आणि डोळ्यांत पाणी आलं की 'काय स्पाईस आहे!' म्हणतात. याच सुमारास एक शाकाहारी सभासद वाचून दाखवतील की काही वाईन अंड्याच्या पांढऱ्या बलकाने नितळ करतात, काही माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेल्या पदार्थाने. शांतता पसरेल. ग्लास मात्र कोणी खाली ठेवणार नाही.

ब्लाइंड टेस्टिंग हवंच. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, आकडे घाला, शंभरपैकी गुण द्यायला सांगा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका प्रयोगात पांढऱ्या वाईनला बेचव लाल रंग दिला, तर वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं होतं. हा किस्सा गुण देऊन होईपर्यंत सांगू नये. किंबहुना सांगूच नये. आमच्याकडे दोघांनी एकच वाईन आणली होती, एकाच दुकानातली, एकाच सालची. दोन नंबरला ती ९१ गुणांनी पहिली आली आणि पाच नंबरला ७४ गुणांनी शेवटची. वर्तमानपत्र सोडल्यावर टॅनिनराजांनी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या, मागची लेबलं चष्मा काढून वाचली आणि शांतपणे म्हणाले, "बॉटल व्हेरिएशन," म्हणजे बाटलीगणिक चव बदलते. सगळ्यांना हायसं वाटलं.

हिशोब त्याच रात्री करू नका. दुसऱ्या दिवशी 'प्रत्येकी ६८५' असा आकडा टाका. नऊ जण लगेच पैसे पाठवतील, चौघं अंगठा दाखवतील, आणि एक जण विचारेल की त्याने पाच नंबर घेतलीच नव्हती, तर ती वजा होईल का.

राहिले ग्लास. चौदा माणसं गुणिले सहा वाईन म्हणजे चौऱ्याऐंशी. मावशी त्यांना हात लावत नाहीत, कारण मागच्या वेळी एक फुटला तेव्हा तुम्ही त्याची किंमत सांगितली होती. तेव्हा रात्री साडेबाराला तुम्हीच उभे राहा आणि भांड्यांच्या साबणाने घासा. फार खळबळून धुऊ नका. पुढच्या मैफलीत पहिल्याच घोटाला सगळे एकमुखाने म्हणतील, लिंबाची काय सुरेख छटा आहे!