‘कण वाढवा, थोरियम पेटवा’ इतकं सोपं नाही

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. कोराडी-खापरखेड्याचा कोळसा लगेच बंद करता येईल, म्हणे. प्रोटॉनचा झोत थोरियमवर सोडायचा, की झाली वीज. ट्रॉम्बेच्या ‘लेहिपा’ने, म्हणजे प्रोटॉनांना वेग देणाऱ्या यंत्राने, 20 एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) गाठलेच आहेत, आता कण वाढवा, चुंबकं मोठी लावा, युरोपातल्या सर्न या कण-प्रयोगशाळेला जमतं तर आपल्याला का नाही? राखेने वैतागलेल्या माणसाला हे पटणारच. थोरियमवरची वीज मलाही हवी आहे, म्हणून हे लिहितोय.

‘कण वाढवा.’ प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. वेग वाढला की ते ढकलणं संपतं, असं मेसेज सांगतो. संपत नाही, कमी होतं. 20 एमईव्हीला सुमारे 96 टक्के जोर शिल्लक असतो, 1 जीईव्हीलाही (म्हणजे 1000 एमईव्ही) 23 टक्के. या जोरामुळे झोताचा गाभा आत-बाहेर फुगत-आकसत राहतो. कडेच्या एखाद्या कणाची लय या फुगण्याच्या निम्मी झाली, की त्याला दर खेपेला नेमक्या वेळी धक्का बसतो आणि तो दूर फेकला जातो. हाच तो रेझोनन्स. आता हिशोब बघा. 1 जीईव्ही, 10 मिलिअँपियर म्हणजे 10 मेगावॅटचा झोत. यंत्राजवळ जाऊन दुरुस्ती करता यावी यासाठी दर मीटरला साधारण 1 वॅटच सांडलेला चालतो, म्हणजे एक कोटीतला एक भाग! त्याहून जास्त सांडला, तर झोत ज्यातून जातो ती नळीच किरणोत्सारी होते.

‘चुंबकं मोठी लावा.’ चुंबकं झोताला आवळून धरतात, पण तो जास्त आवळला की कण आणखी जवळ येतात आणि ढकलणं वाढतं. शिवाय चुंबकांच्या एका आवर्तनात कणाचं डोलणं 90 अंशांपुढे, म्हणजे पाव हेलकाव्यापुढे गेलं, तर झोत चौथ्या क्रमाच्या रेझोनन्समध्ये सापडू शकतो. जर्मनीतल्या जीएसआय या प्रयोगशाळेने तो प्रत्यक्ष मोजून दाखवला आहे.

‘सर्नला जमतं.’ तिथल्या मोठ्या वर्तुळात तेच प्रोटॉन सेकंदाला 11 हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. थोरियमच्या अणुभट्टीला मात्र सतत नवे कण लागतात. आणि तिथेही सगळं आपोआप जमलेलं नाही. वर्धा रोडवर ट्रक शेजारून गेला की दुचाकी हेलकावते, तसा प्रोटॉनांच्या पुढच्या पुंजक्याने मागे सोडलेल्या विद्युतक्षेत्राचा धक्का मागच्या पुंजक्याला बसतो. हेलकावा वाढू नये म्हणून कणांच्या लयीत मुद्दाम थोडा फरक ठेवणारी अष्टध्रुवी चुंबकं लावावी लागली. नळीच्या भिंतीतून उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ढगाशी झगडा वेगळाच.

भट्टीला साजेशा यंत्राचं उदाहरण हवं असेल तर बेल्जियमच्या ‘मिर्हा’ या झोतावर चालणाऱ्या नियोजित अणुभट्टीचं घ्या. तिथे 600 एमईव्ही, 4 मिलिअँपियरचा झोत ठरला आहे. झोतात 3 सेकंदांहून लांब खंड तीन महिन्यांत 10 पेक्षा जास्त पडू नयेत, अशी अट आहे, कारण झोत तुटला की भट्टीतलं तापमान एकदम घसरतं आणि धातूवर ताण येतो. लेहिपाच्या पुढच्या टप्प्याबद्दल विचारायचंच असेल, तर हे विचारा: किती झोत सांडतो, आणि तो किती वेळा तुटतो?