‘यांना मेडिकललाच न्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न (ऑटिझम) आणि सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या माणसांना रोजचे उपचार गावातल्या किंवा वस्तीतल्या दवाखान्यातच मिळायला हवेत, असं मी म्हटलं होतं. तुम्ही आमच्या नागपूर जिल्ह्यातच प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आहात. तुमचं म्हणणं असं, की ही विशेषज्ञांची कामं आहेत, त्यांना मेडिकल, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नाहीतर एम्सलाच न्यावं. आशाताई आधीच रजिस्टरांखाली दबल्या आहेत, त्यांना अर्धवट शिकवलं तर अपायच व्हायचा. सिकलसेल, टीबी, डेंगू समोर असताना मूठभर लोकांसाठी यंत्रणा राबवणं परवडत नाही. आणि शेवटी, ‘या पालकांना उपचार नकोच असतात, निराधार योजनेच्या पैशांसाठी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट हवं असतं.’

शेवटच्या वाक्याचा राग आला. तो शेवटीच काढते.

ऑटिझम आणि सीपी ही तुमच्या ओपीडीची कामं नव्हेत, हे मान्य. पण माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे आला तर त्याचा जन्मापासूनचा डाउन सिंड्रोम बरा करून मागायला येणार नाही. तो खोकला घेऊन येईल, दाढ दुखते म्हणून येईल, जुलाब लागले म्हणून येईल. गावातले बाकीचे लोक ज्यासाठी येतात त्यासाठीच.

भाऊ आता तिशीत आहे. मध्यंतरी तो उजव्या कानावर चापटा मारून घ्यायला लागला. जेवताना जास्त. रात्री उठून बसायचा. एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे त्याच्या कानाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ‘या मुलांमध्ये असं वागणं असतंच,’ म्हणून शांत राहायच्या गोळ्या लिहून दिल्या. मग तो दिवसभर पेंगायचा आणि पेंगता पेंगता कानावर मारायचा. आईसुद्धा म्हणायला लागली, ‘त्याचं तं असंच आहे बाप्पा.’ शेवटी आमच्या नंदनवनातल्या गल्लीतल्या साध्या डॉक्टरांकडे गेलो. भाऊ खुर्चीवर बसेना, तर ते स्वतःच फरशीवर बसले. टॉर्च आधी त्याच्या हातात दिला, त्याला माझ्या कानात पाहू दिलं, मग त्याच्या कानात पाहिलं. मळाचा खडा आणि भोवती सूज. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी मुळातच अरुंद असते, मळ साचतो. थेंब टाकून, मळ मऊ करून तो काढला. चापटा थांबल्या आणि त्या गोळ्याही सुटल्या.

यात विशेषज्ञ कुठे लागला, सांगा. लागला तो वेळ, आणि या माणसाचाही कान दुखू शकतो हा विश्वास.

आमची माणसं इथेच मार खातात. जे काही होईल ते दिव्यांगत्वाच्या खात्यावर मांडलं जातं. डाउन सिंड्रोमचा माणूस सुस्त झाला, वजन वाढलं, की ‘त्यांच्यात असतंच’. थायरॉइड कोणी तपासत नाही. खरं तर या लोकांमध्ये थायरॉइडचा त्रास इतका आढळतो की दरवर्षी रक्त तपासावं असा सल्ला आहे, आणि त्या गोळ्या स्वस्त आहेत. सीपीचं मूल रात्रभर रडतं, अंग ताठ करतं, तेव्हा ‘स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) वाढली’. चार-पाच दिवस शौचाला झालेली नाही हे विचारायचं राहून जातं. बोलता न येणाऱ्या स्वमग्न मुलाने डोकं भिंतीवर आपटलं तर दात आणि पोट आधी बघावं, ही माहिती एमबीबीएसच्या पलीकडची नाही. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

इंग्लंडमध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या मृत्यूंची एक चौकशी झाली, २०१३ साली तिचा अहवाल आला. बाकीच्यांच्या मानाने पुरुष १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी मरत होत्या. वेळेवर चांगले उपचार मिळाले असते तर टळले असते असे मृत्यू त्यात पुष्कळ होते. तिथे वयाच्या १४ वर्षांपासून या लोकांची वर्षातून एकदा सर्वांगीण तपासणी होते, आणि ती करतो त्यांचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर. सुपरस्पेशालिस्ट नाही. इंग्लंडची गोष्ट नागपुरात कशाला, असं म्हणाल. वजनकाटा, बीपीचं यंत्र, कान बघायचा टॉर्च आणि रक्ताची एक बाटली यात परदेशी काही नाही, म्हणून सांगितली.

‘मेडिकलला न्या’ हे वाक्य तुम्ही एका ओळीत लिहिलंत. भिवापूरकडच्या गावातून ते कसं अमलात येतं ते लिहिते. मूल १४ वर्षांचं, सीपी, बसवलं तर मान कलंडते, वजन आता आईच्या निम्म्यावर. पूर्वी उमरेडवरून छोटी रेल्वेगाडी होती, ती २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली, मग एसटी. पोराला कडेवर घेऊन एसटीची पायरी चढायची, बापाची त्या दिवसाची मजुरी बुडवायची. स्टँडवरून ऑटो. मेडिकलला पोचायचं तर तिथे अख्ख्या विदर्भातले, वर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडातून आलेले पेशंट. केसपेपरच्या रांगेत तासभर, ओपीडीबाहेर दोन तास, मे महिना असेल तर पंचेचाळीस डिग्रीत. मुलाने चड्डी ओली केली तर बदलायला आडोसा नाही. एवढं करून हातात काय पडतं, तर फिटच्या त्याच गोळ्या पुढच्या महिन्याच्या. पुढच्या महिन्यात आई एकटीच जाते, मुलाला न नेता. त्याच्या पुढच्या महिन्यात गोळ्याच संपतात, आणि मग जी फिट येते ती थांबत नाही. त्याच गोळ्या तुमच्या केंद्रातून देता आल्या तर मेडिकलची चक्कर सहा महिन्यांतून एकदा पुरेल.

आणि हे मी दया म्हणून मागत नाहीये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २५ काढून वाचा. घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत आरोग्यसेवा. सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांत अडथळ्याविना वावर. तपासणीत आणि उपचारात प्राधान्य. ‘घराजवळ’ हे कायद्यातच आहे.

आता तुमचा पुढचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. आहे, आणि आपल्याच राज्यात, पालघरला २०१३ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक नर्सबाई, एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. विकासातले अडथळे शोधणं हे त्याच्या कामातच लिहिलेलं आहे. माझी तक्रार एवढीच, की ज्या पोराला अंगणवाडीत पाठवतच नाहीत, शाळेत कोणी घेत नाही, ते तपासणीच्या दिवशी घरात खाटेवर असतं. पथक येतं, हजर मुलं तपासतं, निघून जातं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय योजनेतले विशेष शिक्षक घरी जाऊन शिकवतात, त्यांच्याकडे अशा मुलांची नावं असतात. ती यादी आणि पथकाची यादी एका टेबलावर ठेवायला नवा जीआर लागत नाही.

शिवाय हा कार्यक्रम १८ व्या वर्षी संपतो. मग? बालरोगतज्ज्ञ म्हणतात आता मोठा झाला, फिजिशियनकडे न्या. फिजिशियन म्हणतात आम्हाला या केसेसची सवय नाही. एकोणिसाव्या वर्षापासून आमचा माणूस कोणाचाच नसतो. पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नव्हता, कारण ही मुलं जगतच कमी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रगत देशांतसुद्धा डाउन सिंड्रोमचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आता तिथे ते साठीच्या घरात गेलंय. आपल्याकडेही ही मुलं मोठी होऊन राहिली आहेत. त्यांना बीपी होणार, साखर होणार, बायकांना पाळीचे त्रास होणार. ते कोण बघणार?

‘अर्धवट शिकवलेल्या बाईने अपाय होईल.’ हाच आक्षेप आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत एकदा घेऊन झालेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्गासाठी इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ते अनेकांना पटणारं नव्हतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे.

तरी तुमची भीती पूर्ण खोटी नाही. ताठ झालेले पाय बळजबरीने ताणून मुलाचं हाड मोडल्याचं मी ऐकलंय. म्हणूनच काय करायचं नाही ते आधी शिकवावं. पण जे शिकवता येतं ते किती साधं आहे! सीपीच्या बऱ्याच मुलांना आया मांडीवर आडवं झोपवून, मान मागे टाकून पातळ वरण-भात भरवतात. त्यातलं थोडं श्वासनळीत जातं. मग न्यूमोनिया, भरती, घरी, पुन्हा न्यूमोनिया. मुलाला टेकू देऊन बसतं करायचं, मान किंचित पुढे, घास लहान आणि जरा घट्ट, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे चुलीपाशी बसून, त्याच घरातल्या ताटलीत दाखवावं लागतं. मेडिकलच्या ओपीडीत दोन मिनिटांत सांगितलेलं बसस्टँडपर्यंतही टिकत नाही.

आशाताईंवरच्या बोजाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. आणखी एक रजिस्टर फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नये. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, तर दिव्यांग माणसाच्या घरभेटीचाही दर लावा. बाळाच्या पंधराव्या महिन्यापर्यंत त्या घरी जातातच, हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळ मान कधी धरतं, कधी बसतं हे चित्रांसह छापलेलं असतं. तिथे शंका आली तर ती कोणाला कळवायची, आणि कळवल्यावर पुढे खरंच काही होतं का, यावर सगळं अडतं. घरभेटीची जबाबदारी मी तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर टाकीन.

पैशाचं बोलायचं तर, आज सरकार खर्च करतंय तो चुकीच्या टोकाला. फुले योजना काय, आयुष्मान काय, दोन्हींचा भर दवाखान्यात भरती होण्यावर. न्यूमोनियाने भरती झालं तर पैसे मिळतात. न्यूमोनिया होऊ नये म्हणून भरवायला शिकवणाऱ्या थेरपिस्टचे मिळत नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना ओपीडी आणि थेरपीलाही चालते, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, वयाची अट नाही. पण गावात विचारून बघा किती जणांनी तिचं नाव ऐकलंय. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्याचेही पुष्कळदा मार्चअखेरीस काहीतरी वाटप होऊन फोटो निघतात. त्यातून निरामयचे हप्ते भरता येतील का, हे एकदा ग्रामसेवकाला विचाराच.

मूठभर लोक? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले, तेही आठच प्रकार मोजून. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. आणि तुम्ही ज्याच्याशी तुलना केलीत तो सिकलसेलही त्याच २१ च्या यादीत आहे. त्याची तपासणी आपल्या विदर्भात गावागावात पोचली ती तुमच्यासारख्यांच्या केंद्रांमधूनच. तेव्हा जमतं, हे तुम्हीच दाखवलंय.

आता ते सर्टिफिकेट. हो, लागतं. त्याच्याशिवाय ना निरामय, ना रेल्वेची सवलत, ना निराधारचे पैसे. ज्या घरातला एक माणूस चोवीस तास राखणीला बसून कमावू शकत नाही, त्या घराने ते पैसे मागितले तर त्यात लाज कसली? आणि समजा, ते फक्त त्यासाठीच येतात. निदान येतात तरी! जो माणूस वर्षानुवर्षं कोणत्याच दवाखान्याची पायरी चढला नाही, तो त्या एका दिवशी तुमच्या यंत्रणेच्या दारात असतो. सर्टिफिकेट देणारं डॉक्टरांचं बोर्ड बुद्ध्यांक काढतं, टक्के लिहितं, शिक्का मारतं आणि घरी पाठवतं. त्याचे किडलेले दात, वाढलेला थायरॉइड, बंद कान, सगळं आल्या पावली परत जातं.

तुम्ही विचारलं होतं, ‘मग मी नेमकं काय करू?’ महिन्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा सोडून. विशेष शिक्षकांकडची नावं मागवा, अठराच्या वरच्यांची आशाताईंना तोंडी विचारा, त्यांना घर न् घर माहीत असतं. त्या दिवशी या लोकांना पहिले नंबर द्या. वजन, बीपी, कान, दात, पोट, फिटच्या गोळ्या चालू आहेत का, डाउन असेल तर थायरॉइड. कोणी खुर्चीवर बसलं नाही तर जमिनीवर बसून तपासा. तपासून झाल्यावर ज्याला खरंच मेडिकलला पाठवायचंय त्याला चिठ्ठीवर कारण लिहून पाठवा, नुसतं ‘मतिमंद’ लिहून नको.

निरामयचा अर्ज कसा भरायचा ते मी मराठीत लिहून ठेवलंय, तुमच्या केंद्रासाठी झेरॉक्सचा गठ्ठा पाठवते. तुमच्या भागात पहिल्या यादीत किती नावं निघतात, ते इथेच खाली कळवा.