डॉक्टरांना योगा शिकवण्याआधी त्यांना झोपू द्या

मागच्या रविवारी सकाळी नऊला आमच्याकडे डॉक्टरांसाठी स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं. शनिवारची नाइट केलेल्या ज्युनियर्सना पण थांबवून घेतलं होतं. डोळे मिटा, श्वास आत घ्या, असं चाललेलं असताना माझ्या शेजारची आमची ॲनेस्थेशियाची मुलगी खरंच झोपून गेली, भिंतीला डोकं टेकून, पायात ओटीच्या स्लिपर तशाच. मी काही तिला उठवलं नाही. पण तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

मी इंदूरमध्ये २२ वर्षं ॲनेस्थेशिया देतेय. याच मुलीची दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगते. रात्रीचे तीन, इमर्जन्सी सिझेरियन, ही सकाळी आठपासून ड्युटीवर आणि मध्ये एक मिनिट आडवी झालेली नाही. बाळ बाहेर आलं, आता रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ऑक्सिटोसिन द्यायचं, तर हिने ट्रेमधून दुसरंच ॲम्प्युल उचललं, तसंच छोटं काचेचं. ओटीतल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एक बार लेबल देख लीजिए," म्हणून हात थांबला. आई आणि बाळ दोघं व्यवस्थित. पण नंतर चेंजिंग रूममध्ये बघते तर ही बाकावर बसलेली, शेजारी घरून आलेला डबा, न उघडलेला. मला म्हणाली, "मॅडम, मी या कामाच्या लायकीचीच नाही का हो?"

अगं, लायकीचा प्रश्नच कुठे येतो! सलग १७ तास जागं राहिलं की माणसाचं लक्ष आणि हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, हे १९९७ सालीच प्रयोग करून दाखवलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे त्या वेळी तिला कुणी स्कूटर चालवू दिली नसती, आणि आपण तिच्या हातात एका बाईचा श्वास दिला होता.

बरं, नियम नाहीत असं पण नाही. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या नियमांत, सलग ड्युटी १२ तासांवर नको आणि आठवड्याचे ४८ तास असं लिहिलंय. २०२३ च्या एनएमसीच्या, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या, पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी आहे, पण तास किती तर म्हणे 'वाजवी'. २०२४ मध्ये एनएमसीच्याच टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली, आणि आज ते ७४ ऐकून पण पोरं म्हणतात, एवढं मिळालं तरी खूप झालं. याचं मला फार वाईट वाटतं.

डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हटलंय. मग दुरुस्ती पण कामाच्या ठिकाणीच व्हायला हवी ना? आणि नुसती झोप नाही हो, कामातलं समाधान पण तिथेच हरवतं. डॉक्टर झाल्याचा आनंद पेशंटजवळ बसून बोलण्यात असतो, आणि आमची पोरं अर्धी रात्र टीपीएची, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपन्यांची, पत्रं आणि आयुष्मान योजनेच्या एंट्र्या करत बसतात, ब्लड बँकेत पण स्वतःच धावतात.

त्या रात्रीनंतर आम्ही डिपार्टमेंटपुरतं ठरवलं, नाइट केली की दुसऱ्या दिवशी नऊला घरी, आणि कन्सल्टंटनी पण महिन्यात दोन नाइट घ्यायच्या. कुरबुर झाली, एक सीनियर म्हणाले आम्ही पण ३६-३६ तास काढलेत. काढलेत ना, मी पण काढलेत, आणि माझ्या मुलाचं पहिलं वर्ष मला धड आठवत नाही. ते पुढच्या मुलींना वारशात द्यायचं का? पहिल्या महिन्यात दोनदा नियम मोडला, दोन्ही वेळा मीच मोडला, कारण माणूसच नव्हतं. तेव्हा माणसं वाढवल्याशिवाय हे टिकणार नाही, हे मॅनेजमेंटला मी लेखी दिलंय.

गुरुवारी ही मुलगी नाइट संपवून नऊला निघाली. बाराला मेसेज आला, "मॅडम, पोहे खाल्ले, आता झोपतेय." मला दिवसभर बरं वाटत होतं.

ड्युटी रूममध्ये आता दोन कॉट आल्यात. पण दाराला आतून कडी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचं काय झालं ते माहीत असून पण नाही. दोनदा सांगून झालंय. सोमवारी सुताराला मी स्वतःच घेऊन जाणार आहे.