चेऊलकर परके कधी झाले?

परवा अलिबागच्या मावशीने एक मेसेज पुढे ढकलला. म्हणे, हिंदी सिनेमातल्या पहिल्या नट्या ज्यू होत्या, सगळ्या परदेशी. हिंदू-मुसलमान नावं घेऊन त्यांनी प्रेक्षकांना फसवलं, आणि १९५८ चा 'यहुदी' स्वतःच्या प्रचारासाठी काढला. हा मेसेज पाठवणाऱ्या मावशीच्या भिंतीला भिंत लागून बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, एक कुटुंब राहतं. पोहे, ओलं खोबरं, साखर घातलेला त्यांच्याकडचा मलिदा आम्ही लहानपणी ताटली चाटून खाल्लाय. म्हणून गप्प बसवत नाही.

'पहिल्या नट्या' हे तर साफ चूक. फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, दोघी मराठी. पुढे मूकपटांत ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली बऱ्याच होत्या, तेवढं मान्य. पण का होत्या? आपल्या 'चांगल्या' घरांना मुलींनी सिनेमात जाणं कमीपणाचं वाटायचं म्हणून. यात त्या मुलींचा काय गुन्हा?

परदेशी म्हणावं तर सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, घराणं बगदादी ज्यू असलं तरी जन्मली पुण्यात. प्रमिला, म्हणजे एस्थर अब्राहम, कोलकात्याची. १९४७ ची मिस इंडिया. आणि बेने इस्राएल तर शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. आडनावं गावांवरून, घरची भाषा मराठी. पहिला बोलपट 'आलम आरा' ज्यांच्या नाटकावरून झाला ते जोसेफ डेव्हिड, आडनाव पेणकर. पेणचा माणूस परदेशी कसा होतो हे मला कुणीतरी समजावून सांगा.

पण मला खरा संताप आला तो 'नावं बदलून फसवलं' या वाक्याचा. युसूफ खानचा दिलीपकुमार झाला, कुमुदलाल गांगुलींचे अशोककुमार झाले, महजबीनची मीनाकुमारी झाली. पडद्यासाठी वेगळं नाव घेण्याची तेव्हा रीतच होती. तेच ज्यू मुलीने केलं की कारस्थान? आणि बेने इस्राएल नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांनी काय लपवलं? श्रेयनामावलीत सरळ 'डेव्हिड' लिहिलेलं असायचं. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा आठवा. टक्कल पडलेला, ठेंगणा माणूस अनाथ पोरांना विचारतो, तुमच्या मुठीत काय आहे? ते गाणं आजही शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजतं. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. सगळं त्याच नावावर.

राहिला 'यहुदी'. दिग्दर्शक बिमल रॉय, मूळ नाटक आगा हश्र काश्मिरींचं, ज्यू बापाच्या भूमिकेत सोहराब मोदी, म्हणजे पारशी. यात ज्यूंचा प्रचार कुणी केला? गंमत अशी की त्या कथेत खरं नाव लपवतो तो रोमन राजपुत्र, ज्यू मुलीसाठी. मला खटकतं ते वेगळंच. हिंदी सिनेमाला ज्यू दाखवायचा तर थेट प्राचीन रोम गाठावं लागलं, आणि चौलचं आडनाव लावणारा खराखुरा ज्यू डेव्हिड मात्र हिंदी सिनेमातच ख्रिस्ती चाचा होऊन वावरला.

ज्यांना या कलाकारांबद्दल खरंच जाणून घ्यायचंय त्यांनी डॅनी बेन-मोशे यांचा २०१७ चा 'शालोम बॉलिवूड' हा माहितीपट बघावा. सुलोचना, प्रमिला, नादिरा, डेव्हिड, सगळे त्यात आहेत.

मावशीला फोन केला. म्हणाली, अगं, मी नीट वाचलंच नव्हतं. पण तोवर तिने तो आळीच्या ग्रुपवरही टाकला होता, आणि त्या ग्रुपवर मलिदावाल्या काकू आहेत. मेसेज काढून टाक आणि आत्ता शेजारी जाऊन ये, असं तिला सांगितलंय.