चिकटला!

गेल्या रविवारी जुन्या बाजारात मी 2,200 रुपये मोजून एक लोखंडी हेल्मेट घेतलं आणि पाचव्या मिनिटाला ते नकली निघालं. पैसे गेले त्याचं एवढं काही नाही. ज्या माणसाने ते सिद्ध केलं त्याने वर माझं अभिनंदन केलं, ते अजून घशाखाली उतरत नाहीये.

मी जुनी लष्करी शिरस्त्राणं जमवतो. हेल्मेटसक्ती म्हटलं की ज्या शहराचं डोकं फिरतं, तिथे कधीच न घालायची हेल्मेटं पदरमोड करून आणणाऱ्या माणसाला घरात काय किंमत असेल, बघा. पण अभ्यास आहे. गंज बघून भुलू नका, हे मी चार नवशिक्यांना शिकवलंय. मिठाचं पाणी मारून चार दिवसांत गंज आणता येतो. आत बघा. चामड्याला घामाची काळी कड हवी. नोटा तपासायच्या निळ्या टॉर्चखाली शिवणीचा दोरा चमकला तर तो हल्लीचा. 1914 च्या म्हणवणाऱ्या बिल्ल्यावर दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातला मुकुट दिसला तर नमस्कार करून पुढे व्हा.

आणि तरीही.

"लई जुनी टोपी साहेब, 1914 ची. एका सुभेदाराने फ्रान्सवरून आणली," विक्रेता म्हणाला. समोर उपड्या परातीसारखं ब्रोडी हेल्मेट, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य घालायचं तसं. आता, जॉन ब्रोडीने त्याचं पेटंटच घेतलं 1915 साली. खंदकांत ती ढिगाने पोचली 1916 साली, आणि तोवर आपलं पायदळ फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाच्या वाटेला लागलेलं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. पण घोडदळ मागे राहिलं होतं ना! सुभेदार नसेल, रिसालदार असेल, अशी मनाने लगेच वकिली केली. शिवाय एक दाढीवाला मुलगा त्याच हेल्मेटवर डोळा ठेवून उभा होता. 3,000 चे 2,200 केले आणि दिले.

शेजारच्या पथारीवर एक काका नळाच्या तोट्या बघत होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कापडी पिशवी, आणि सुतळीला बांधलेला चुंबक. पितळी म्हणून पुढे केलेल्या तोटीला तो चिकटला की काका विक्रेत्याकडे नुसतं बघायचे. बोलायचे नाहीत. पुण्यात तेवढं पुरतं.

"केवढ्याला घेतलीत?"

"बावीसशे."

"बावीसशे." त्यांनी तो आकडा जिभेवर घोळवला. "आणा इकडे."

मी दिलं. का दिलं? पुण्यात 'आणा इकडे' म्हटल्यावर माणूस हातातली वस्तू देतो. सुतळी लोंबली, टक् असा आवाज झाला.

"चिकटला!" काका ओरडले. "अस्सल लोखंड! अभिनंदन!"

माझ्या पोटात गोळा आला. त्या युद्धातली ब्रोडी हेल्मेटं हॅडफील्ड नावाच्या इंग्रज धातुतज्ज्ञाच्या मँगॅनीज पोलादाची. मँगॅनीज बारा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे त्यांना चुंबक चिकटत नाही. अगदी सुरुवातीची काही साध्या पोलादाची होती, इथे मनातला वकील परत उठला. पण त्यांची कड नुसती कापलेली असायची, ह्याला कडेने छान पट्टी वळवलेली.

"काका, चिकटला म्हणजेच खोटं आहे हे."

"म्हणजे?"

"खऱ्याला चिकटत नाही."

"खऱ्या लोखंडाला चुंबक चिकटत नाही?" हे त्यांनी मला नाही, जमलेल्या सात-आठ जणांना विचारलं.

"त्यात मँगॅनीज असतं हो."

"मग भेसळ ती! हे शुद्ध आहे." विक्रेत्याकडे वळून, "माल चोख आहे हो तुमचा."

"तेच सांगतोय साहेबांना," विक्रेता म्हणाला.

मग काकांनी हेल्मेटात नाक घातलं. "चहाचा वास येतोय. आलं घातलेल्या." क्षणभर विचार करून, "बरोबर आहे. थंडीत सैनिकांना लागतोच."

दाढीवाला मुलगा हसला. तो त्याच विक्रेत्याचा भाचा निघाला.

नकलांना माझा विरोध नाही. नाटकवाल्यांना लागतात, सिनेमावाल्यांना लागतात. नक्कल म्हणून विका, मीही घेईन. पण कोणीतरी रात्री बसून कोऱ्या चामड्यावर उरलेला चहा चोळतो, त्यावर खोटं 1914 साल चढवतो, ही मेहनत खास माझ्यासारख्यासाठी आहे. अडाण्यासाठी एवढं कोण करतं? अर्धवट शहाणा लागतो.

रात्री झोप येईना. माझ्याकडे आधीचं एक ब्रोडी आहे, काचेच्या कपाटात, दिव्याखाली. बारा वर्षांपूर्वी एका निवृत्त कर्नलसाहेबांकडून घेतलेलं. चार नवशिक्यांना मी तेच दाखवून शिकवलं. त्याला चुंबक कधी लावला नव्हता. कर्नलसाहेबांसमोर खिशातून चुंबक कसा काढणार?

फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काढली, कपाट उघडलं, माथ्याला टेकवली आणि हात सोडला.

स्ट्रॉबेरी पडली नाही.